आधी प्रश्न दाखवा : वाचकांच्या बाजूने एक जाहीरनामा

मराठी माणूस वाचत नाही, हे वर्षातून किमान तीनदा जाहीर होते. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या व्यासपीठावरून, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिनाच्या अग्रलेखातून आणि १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, शाळेच्या पटांगणात वाचन प्रेरणा दिनाच्या भाषणातून. साहित्य संमेलनातला परिसंवाद धरला तर चारदा. वक्त्याच्या हातात एक आकडा असतो आणि आकड्याच्या आधी ‘एका सर्वेक्षणानुसार’ एवढे दोन शब्द. सर्वेक्षण कोणी केले, कधी केले, किती जणांना गाठले, त्यांना नेमके काय विचारले, यातले काही सांगितले जात नाही आणि कोणी विचारतही नाही. सभागृह हळहळते, अध्यक्ष मोबाइलच्या नावाने बोटे मोडतात, आभारप्रदर्शन होते.

आम्ही त्या सभागृहांत मागच्या रांगेत बसत आलो. आमच्यात सार्वजनिक वाचनालयांतले ग्रंथपाल आहेत, पुस्तक प्रदर्शनात दिवसभर टेबलामागे उभे राहणारे विक्रेते आहेत, अभ्यासिका चालवणारे आहेत, महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवणारे दोघे-तिघे आहेत, आणि बाकीचे नुसते वाचक. एकत्र येण्याचे कारण एका वाक्यात मावते : वाचनाबद्दल आकडा सांगणाऱ्याने आधी प्रश्न दाखवावा. चळवळीला नाव ठेवलेले नाही. नाव, बोधचिन्ह आणि अध्यक्ष ठरवता ठरवता आपल्याकडच्या बऱ्याच चळवळी पहिल्या बैठकीतच संपतात. आम्ही ते तिन्ही पुढे ढकलले आहे.

आमची तक्रार फक्त हिणवणाऱ्या आकड्यांबद्दल आहे असा समज नको, म्हणून गोंजारणारा आकडा आधी घेऊ. ‘जगात सर्वांत जास्त वाचतात ते भारतीय : आठवड्याला १०.७ तास.’ हे चित्र तुमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिरंग्यासह येऊन गेले असणार. आकडा कोणाच्या मनातला नाही. एनओपी वर्ल्ड या संस्थेने डिसेंबर २००४ ते फेब्रुवारी २००५ या काळात ३० देशांतल्या, १३ वर्षांपुढच्या, ३० हजारांहून अधिक लोकांशी बोलून तो काढला. थायलंड ९.४ तासांवर दुसरा, चीन ८ तासांवर तिसरा, अमेरिका ५.७, ब्रिटन ५.३, जपान ४.१. याला वीस वर्षे होऊन गेली. तेव्हा तेरा वर्षांची असलेली पोरे आज स्वतःच्या मुलांना अभ्यासाला बसवतात, आणि आकडा अजून आजचाच म्हणून फिरतो आहे.

जरा हिशेब करून पाहू. आठवड्याला १०.७ तास म्हणजे रोज दीड तास. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६४.८ टक्के होती. ‘सरासरी भारतीय’ रोज दीड तास वाचत असेल, तर साक्षरांना निरक्षरांचाही वाटा उचलावा लागला असता. म्हणजे माणशी रोज सव्वादोन तासांहून जास्त, सणवार, लग्नसराई आणि सुगी धरून. २००५ सालची तुमची चाळ, तुमची वाडी, तुमचे ऑफिस डोळ्यांपुढे आणा आणि असे किती जण होते ते मोजा. एक-दोन निघतीलही. त्यांच्या घरचे त्यांच्यावर करवादत असत.

म्हणजे एनओपी वर्ल्ड खोटे बोलली का? तसे आम्ही म्हणत नाही. ३० देशांत ३० हजार म्हणजे सरासरीने देशाला हजार माणसे, आणि हजार माणसे नीट निवडली तर संख्याशास्त्राला पुरतात. पण ती हजार माणसे सगळ्या देशाची प्रतिनिधी असती, तर वरचा हिशेब असा फाटला नसता. शिवाय किती वाचता ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले, मोजले कोणीच नव्हते. या दोन गोष्टी आकड्याशेजारी छापल्या असत्या तर चित्रावर तिरंग्याला जागा उरली नसती.

स्वतःच्या तोंडाने सांगण्याची तऱ्हा काय असते, हे ब्रिटनमध्ये २००९ साली उघड झाले. जागतिक पुस्तक दिनानिमित्तच्या तिथल्या पाहणीत ६५ टक्के लोकांनी कबूल केले की न वाचलेले पुस्तक वाचल्याचे आपण कधी ना कधी सांगितले आहे. अशा पुस्तकांत पहिला नंबर ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’चा, दुसरा टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’चा. (ही कबुली तरी कितपत खरी होती, ते विचारायचे राहूनच गेले.) आपल्याकडे मात्र खोटे उलट्या बाजूनेही बोलले जाते, आणि बोलणाऱ्याला आपण खोटे बोललो याचा पत्ताही नसतो.

आमच्यातल्या एकीने शिकत असताना पाहणीचे फॉर्म भरून घेण्याचे काम केले. दुपारची वेळ, दारात बसून तांदूळ निवडणाऱ्या बाई. हिने विचारले, “मावशी, तुमच्यात पुस्तकं कोण वाचतं?”

“आमच्यात कोण वाचणार गं? पोरगा कारखान्यात, सुनेला कामातून सवड नाही.”

“आणि तुम्ही?”

“मी कसली वाचते! सातवीतनं काढलं मला.”

फॉर्मवर ‘वाचत नाही’ला खूण झाली. मग पाणी प्यायला म्हणून ती आत गेली, तर देवघराच्या फळीवर लाल कापडात बांधलेली पोथी आणि तिच्यावर दोरी लावलेला चष्मा.

“हे कोण वाचतं, मावशी?”

“ते व्हय? नवनाथ भक्तिसार. मीच वाचते, दर श्रावणात. आळीतल्या चौघी-पाचजणी ऐकायला येतात.” आणि मग, जरा फणकाऱ्याने, “तू पुस्तकाचं विचारलंस ना?”

चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ दरवर्षी मोठ्याने वाचून चार घरांना ऐकवणारी ही बाई राज्याच्या हिशेबात शून्य वाचक ठरली. फॉर्म पेनने भरला होता. पर्यवेक्षकाने खाडाखोड चालणार नाही असे बजावले होते, त्यामुळे खूण तशीच राहिली.

आता प्रश्न असा, की खूण दुरुस्त करायची ठरवली असती तर किती वाचक लिहायचे? एक, की ऐकणाऱ्या धरून सहा? गावोगावच्या हरिनाम सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण बसते. नऊ हजार ओव्या, सात दिवस, मांडवात मांडी घालून बसलेली शे-दोनशे माणसे आणि प्रत्येकासमोर ग्रंथ. ते वाचन आहे का? यावर आमच्यातच भांडण आहे. एक बाजू म्हणते, अर्थ न लावता ओव्या म्हणत जाणे हा भक्तीचा भाग झाला, त्याला वाचन म्हणू नये. दुसरी बाजू विचारते, की विमानतळावरून घेतलेली कादंबरी चाळीस पाने वाचून सोडणारा माणूस मग वाचक कसा? हे भांडण मिटवणे आमचे काम नाही. पाहणी करणाऱ्याने काहीही ठरवावे, पण ठरवलेले छापावे. ‘पोथी धरलेली नाही’ हे तीन शब्द तळटीपेत असते तर मावशी निदान गायब तरी झाल्या नसत्या.

असेच गायब होणे वाचनालयाच्या खिडकीतही चालते. खाते एका नावावर, अनामत एकाची, आणि घरी गेलेले पुस्तक चौघांच्या हातांतून फिरून येते. देवघेवीच्या वहीत वर्गणीदार म्हणून नवऱ्याचे नाव असते. पुस्तके मागवते बायको, चिठ्ठीवर नावे लिहून, आणि चिठ्ठीच्या शेवटी ‘यातले काहीही नसेल तर दुसरे आणू नये’ अशी सूचना. तो बापडा ऑफिसातून येताना पिशवी पालटून नेतो. वहीवरून निष्कर्ष काढाल तर त्या गावात पुरुष कथाकादंबऱ्यांवर तुटून पडतात आणि बायका काहीच वाचत नाहीत, असे दिसेल. वही खरी आहे. आम्ही मोजतो ती खाती, आणि निष्कर्ष काढतो माणसांबद्दल.

दिवाळी अंकांचे काय करायचे, तेही कोणी सांगत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून शतकाहून जास्त काळ मराठी घरांतले कितीतरी गंभीर वाचन अंकांतून झाले आहे. ‘गेल्या वर्षी किती पुस्तके वाचलीत?’ या प्रश्नाला, अडीचशे पानांचे आठ अंक पालथे घातलेला प्रामाणिक माणूस ‘एकही नाही’ असे उत्तर देतो.

त्या ‘किती’मध्ये आणखी एक गंमत आहे. जनगणनेचे आकडे हाताळणाऱ्यांना माहीत असते की आपल्याकडे माणसांची वये शून्यावर आणि पाचावर संपणाऱ्या आकड्यांशी गर्दी करतात. चाळिशीचे लोक अफाट आणि एक्केचाळिशीचे विरळ, असे दिसते. म्हणून लोकसंख्याशास्त्रज्ञ ते आकडे सपाट करून घेतात. वर्षभराच्या वाचनाचेही तेच होते. मोजून कोणी ठेवलेले नसते. ‘महिन्याला एखादे होते’ म्हणून बारा, नाहीतर गोळाबेरीज दहा. मग त्या दहा-बारांची सरासरी दशांश चिन्हापर्यंत काढली जाते, आणि दशांश चिन्ह दिसले की वाचणाऱ्याला ते शास्त्र वाटते.

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण पाहणीवाल्यांच्या कामाची आहे. तिच्यात एक अट गृहीत आहे : शीत आणि भात एकाच पातेल्यातले हवेत आणि पातेले एकसारखे शिजलेले हवे. डोंबिवलीच्या मॉलबाहेर संध्याकाळी सहाला भेटलेली माणसे, ऑनलाइन फॉर्म स्वतःहून भरणारी माणसे, आणि धडगावच्या पाड्यावरची घरात भिली किंवा पावरी बोलणारी, शाळेत मराठी वाचणारी मुलगी यांचे पातेले एक नाही.

थोडे अधिक जबाबदार काम पाहू, कारण हास्यास्पद उदाहरणांवर हसणे सोपे असते. नॅशनल बुक ट्रस्टने एनसीएईआर या संशोधन संस्थेकडून २००९ साली देशातल्या १३ ते ३५ वयाच्या साक्षर तरुणांच्या वाचनाची पाहणी करवून घेतली. साक्षर तरुण सुमारे ३३ कोटी. त्यांतले पुस्तकवाचक साधारण एक चतुर्थांश, म्हणजे ८.३ कोटी. ‘चारांतला एकच तरुण वाचतो’ असा मथळा यातून निघतो. ‘भारतातले वाचणारे तरुण जर्मनीच्या लोकसंख्येएवढे’ असाही निघतो, आणि तोही तितकाच खरा आहे, कारण जर्मनी तेव्हा आठ कोटींच्या थोडी वर होती. पहिल्या मथळ्यावर परिसंवाद होतो. दुसऱ्यावर प्रकाशकाला कर्ज मिळू शकते.

पण महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या पाहणीत वाचन म्हणजे अभ्यासक्रमाबाहेरचे, आवडीने केलेले पुस्तकवाचन. व्याख्या वाजवी आहे आणि त्यांनी ती लपवलेलीही नाही. आता पुण्यात सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत सकाळी सातला जाऊन उभे राहा. बीड, परभणी, धाराशिव, चंद्रपूरहून आलेली मुले-मुली ओळीने बसलेली असतात. राज्यघटना, इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल, जोडीला रोज दोन वर्तमानपत्रे; रात्री दहापर्यंत हेच. आईबापांनी शेत गहाण ठेवून पाठवलेल्या या पोरांइतके सलग वाचन महाराष्ट्रात दुसरे कोणी करत असेल असे आम्हांला वाटत नाही. व्याख्येनुसार ती वाचक नाहीत. व्याख्येला आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो व्याख्या वाटेत गळून पडण्याला. अहवालात ‘आवडीचे पुस्तकवाचन’ असते, बातमीत ‘वाचन’ होते आणि भाषणात ‘आजची पिढी’.

केंद्राच्या वेळ-वापर पाहणीचेही तसेच. २०१९ साली १ लाख ३८ हजारांहून अधिक घरांत जाऊन सहा वर्षांवरच्या प्रत्येकाचे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत नोंदवले गेले. देशात याहून काटेकोर पद्धत फारशी नाही. पण एका तुकड्यात अनेक कामे झाली असतील, तर दहा मिनिटे किंवा अधिक वेळ चाललेलीच कामे नोंदायची, असा नियम होता. नियमाशिवाय एवढे मोठे काम उरकत नाही, हे मान्य. तरी लोकलमध्ये दोन स्टेशनांमध्ये वाचलेली चार पाने, भाजी फोडणीला टाकून वाचलेली पुरवणी आणि न्हाव्याकडे नंबर येईपर्यंत चाळलेले वर्तमानपत्र या चाळणीतून खाली पडते, हे आकडा वापरणाऱ्याने सांगायला हवे.

येथे आम्हांला अडवून कोणी म्हणेल, की तुम्हांला वाचनाचा ऱ्हास मान्यच करायचा नाही. तसे नाही. अमेरिकेचे उदाहरण घ्या. तिथल्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्सने २००४ साली ‘रीडिंग ॲट रिस्क’ नावाचा अहवाल काढला. वर्षभरात कथा, कादंबरी, कविता किंवा नाटक यांतले काहीही वाचलेले प्रौढ १९८२ मध्ये ५६.९ टक्के होते, ते २००२ मध्ये ४६.७ टक्क्यांवर आले. चरित्र, इतिहास, विज्ञान, प्रवासवर्णन यात धरलेच नव्हते. लिंकनची चार चरित्रे वाचणारा या आकड्यात न वाचणारा. तरी अहवालाचे नाव ‘वाचन धोक्यात’. पुढे २००८ मध्ये तोच आकडा ५०.२ वर चढला, तेव्हा त्याच संस्थेने ‘वाचन वाढते आहे’ अशा नावाचा अहवाल काढला. मग पुन्हा घसरण. कथा-कादंबऱ्या वाचणारे २०१२ मध्ये ४५.२ टक्के होते, २०१७ मध्ये ४१.८ आणि २०२२ मध्ये ३७.६. नावे ठेवण्याची घाई सोडली, तर त्या लोकांनी एक मोठे काम केले आहे : तोच प्रश्न चाळीस वर्षे विचारला. त्यामुळे तिथली ललितवाचनाची घसरण खरी आहे आणि आम्ही ती खरी मानतो. मराठी पुस्तकवाचनाबद्दल असा एकच प्रश्न चाळीस वर्षे कोणी विचारत आलेले नाही. तरी ‘पूर्वी लोक वाचायचे’ हे वाक्य आपण इतक्या ठामपणे बोलतो, जणू १९८२ सालचा तक्ता खिशात आहे.

आता वर्तमानपत्रांबद्दल, कारण ‘वाचनसंस्कृतीला घरघर’ हा मथळा तिथेच तयार होतो. जानेवारी २०१४ च्या अखेरीस इंडियन रीडरशिप सर्व्हेचे निकाल आले, नव्या पद्धतीचे. अनेक बड्या दैनिकांचे वाचक एका रात्रीत घटले. १८ वृत्तपत्र समूहांनी एकत्र येऊन निकाल फेटाळले आणि दाखले दिले. चेन्नईत मुख्यालय असलेल्या ‘हिंदू बिझनेस लाइन’चे मणिपूरमधले वाचक चेन्नईतल्या वाचकांच्या तिप्पट! आणि आपल्या नागपूरच्या ‘हितवाद’चा प्रमाणित खप ६० हजारांहून जास्त, पण वाचक शून्य. साठ हजार अंक रोज विकले जातात आणि उघडत कोणीच नाही! हे सर्वेक्षण घेणाऱ्या परिषदेने निकाल काही काळ स्थगित ठेवले आणि फेरतपासणीनंतर त्याच वर्षी वैध ठरवले.

वृत्तपत्रांनी त्या आठवड्यात विचारलेला प्रत्येक प्रश्न बरोबर होता. नमुना कसा घेतला? प्रत्यक्ष घरी कोण गेले? खप आणि वाचक यांचा मेळ का बसत नाही? आमचे म्हणणे एवढेच, की जी चौकस बुद्धी ‘हितवाद’च्या वाचकांसाठी जागी झाली ती पुस्तकाच्या वाचकांसाठी झोपते का? स्वतःचा वाचक शून्य दिसला तेव्हा पद्धतीत खोट दिसली. मावशींचे वाचन शून्य दिसले तेव्हा मावशींच्यात खोट दिसली.

हे सारे नुसते आकड्यांचे भांडण असते तर आम्ही जाहीरनामा लिहायला बसलो नसतो. ‘लोक वाचत नाहीत’ हे वाक्य कामाला येते. वाचनालय संध्याकाळी दोनच तास उघडे का? लोक वाचत नाहीत. शाळेतली पुस्तके कपाटात कुलूपबंद का? मुले वाचत नाहीत. ग्रंथालय सेवकाला शिपायाहून कमी पगार का, तालुक्याच्या गावात पुस्तकाचे एकही दुकान का नाही, जुन्या चांगल्या पुस्तकाची नवी आवृत्ती का नाही? उत्तर एकच. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी अकरा-बारा हजार वाचनालये राज्यात आहेत. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग आहेत. त्यांतल्या ‘ड’ वर्गातल्या एखाद्याचे दार प्रत्यक्षात किती तास उघडे असते, याची पाहणी कधी मथळ्यावर येत नाही. आरोपी नेहमी वाचक.

आणि हा आरोपी प्रत्यक्षात काय करतो, ते पाहायचे असेल तर ६ डिसेंबरला दादरला या. चैत्यभूमीवर आलेली लाखो माणसे शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या मांडण्यांपाशी काय करतात ते तासभर उभे राहून बघा. मध्यरात्रीच्या गाडीने आलेला, पायात स्लीपर असलेला माणूस घरून लिहून आणलेली यादी काढतो, गाडीभाड्याचे पैसे वेगळ्या खिशात ठेवतो आणि उरलेल्यांत काय बसते ते विचारतो. विक्रेते आमच्यात आहेत. ते सांगतात की घासाघीस सर्वांत कमी इथेच होते. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस’चे खंड राज्य शासन १९७९ पासून काढते आहे आणि ते मागणारे दरवर्षी रिकाम्या हाताने परततात. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका बातमीवरून या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. बातमी अशी होती : नऊ लाख प्रती छापायचे ठरले, ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला गेला आणि चार वर्षांत छापल्या गेल्या ३३ हजार प्रती. जो पुस्तक मागत होता आणि ज्याला ते मिळाले नाही, तो पुढच्या पाहणीत ‘गेल्या वर्षात किती पुस्तके वाचलीत’ याला काय उत्तर देईल? आणि ते उत्तर कोणाच्या नावावर मांडले जाईल?

पाहण्या बंद करा असे आम्ही म्हणत नाही. चांगल्या पाहण्या वाढाव्यात असे म्हणतो, आणि चांगले कसे असते ते दूर शोधायलाही नको. ‘प्रथम’चा ‘असर’ अहवाल २००५ पासून निघतो. ग्रामीण भागात घरी जाऊन, एकेका मुलाला समोर बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चढत्या पायऱ्यांनी वाचून घेतात, आणि ज्या उताऱ्यावर परीक्षा झाली तो उतारा अहवालातच छापतात. तुम्ही तो आपल्या घरच्या मुलापुढे ठेवू शकता, सोपा की अवघड ते ठरवू शकता, अहवालाशी भांडू शकता. मुलाला वाचता येते का, हे ‘असर’ तपासते. मूल पुस्तके वाचते का, हे त्यात कुठेच नाही. तरी भाषणात ‘असर’चा आकडा आणि मोबाइलचे व्यसन एकाच दमात येतात. दोष ‘असर’चा नाही.

म्हणून आमच्या मागण्या. वाचनाविषयी कोणताही आकडा छापताना किंवा बोलताना प्रश्न मूळ शब्दांत द्यावा, ज्या भाषेत विचारला त्या भाषेत. कोणाला विचारले आणि कोण वगळले गेले ते द्यावे. पैसे कोणी दिले ते द्यावे, कारण ई-बुकचे यंत्र विकणाऱ्याने केलेली पाहणी आणि शिक्षण खात्याने केलेली पाहणी आम्ही वेगवेगळ्या डोळ्यांनी वाचू. किती जणांनी दार लावून घेतले तेही द्यावे. दार लावणारे बहुधा घाईत असलेले लोक असतात आणि त्यांचे वाचन इतरांसारखेच असेल असे धरून चालता येत नाही. काय वाचन धरले, काय धरले नाही, हे पहिल्या परिच्छेदात यावे : पोथी, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तक, मोबाइलवरची कादंबरी, कानाने ऐकलेले पुस्तक. संपादकांनी प्रश्न हाती नसेल तर मथळा करू नये. वक्त्यांनी प्रश्न माहीत नसेल तर ‘मला वाटते’ असे म्हणावे. ते म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे, आणि ‘एका सर्वेक्षणानुसार’पेक्षा ते जास्त सभ्य आहे. शासनाला एक जादा मागणी : लोकांच्या वाचनाच्या प्रत्येक आकड्याशेजारी त्या तालुक्यातले वाचनालय आठवड्याला किती तास उघडे होते आणि वर्षात किती नवी पुस्तके दाखल झाली, ते छापावे.

आणि आम्ही स्वतः? १०.७ तासांचे चित्र आमच्या कोणाही सभासदाने पुढे पाठवायचे नाही, मोह झाला तरी.

पहिले काम ठरले आहे. येत्या १५ ऑक्टोबरपासून एक आठवडा आमच्या वाचनालयांत परतीला आलेल्या प्रत्येक पुस्तकामागे एकच प्रश्न विचारायचा : “हे पुस्तक तुमच्या घरी कोणी कोणी उघडलं?” उत्तर नावाने लिहायचे नाही, नाते आणि वय, बस. कोणी ‘कोणीच नाही, तसंच परत आणलं’ म्हणाले तर तेही तितक्याच ठळक लिहायचे, आणि कोणी ‘तुम्हांला काय करायचंय’ म्हणाले तर ‘उत्तर दिले नाही’ या रकान्यात एक रेघ मारायची. जे निघेल ते, आमच्या विरोधात गेले तरी, वाचनालयाच्या फलकावर प्रश्नासकट लावायचे. ज्या ग्रंथपालांना यात यायचे आहे त्यांनी वही आखून ठेवावी. रकाने चार पुरतात; शेवटचा रकाना रुंद ठेवावा, कारण लोक बोलू लागले की थांबत नाहीत.